साठ वांग्याची रोपं आणि कवेलूचा ढीग: सांदवाडीतल्या शेंबडीचं एक प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा होता, सकाळी सातच्या आत मामीचा फोन आला. "बाबू, रातून सारे रोपं चाटून नेले रे, कोणतं जनावर येते काय मालूम, येऊन पाय बरं एकदा." मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात छोटी रोपवाटिका चालवतो, वांगी मिरची टमाटर पानकोबी अशी रोपं विकतो, त्यामुळे लोकं पानाचे फोटो पाठवून विचारत असतातच, पण हे प्रकरण घरचं होतं आणि ती ६० वांग्याची रोपं माझ्याच वाफ्यातली होती. चांगली चार-पाच पानांवर आलेली, मी स्वतः मोजून दिलेली. त्यातली २१ शिल्लक होती. बाकीच्यांचे नुसते देठ उभे होते, काहींचे तेही नाही.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण पावसाळ्यात गावोगाव शेंबडीमुळे, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायीमुळे, हेच होतं आणि बहुतेक घरी त्यावर चुकीचा इलाज होतो, मामीकडेही आधी तोच झाला.

मामीची सांदवाडी, म्हणजे परसबाग, घराच्या मागे, अंदाजे ३० फूट बाय २० फूट. एका बाजूला घराची भिंत, एका बाजूला न्हाणी, मागे बेशरमचं कुंपण आणि चौथ्या बाजूला शेजाऱ्यांची हद्द. वांग्याचे दोन वाफे, मिरची, कुंपणाला दोडक्याचे वेल, चवळी आणि भिंतीजवळच्या सावलीत पालक अन् सांबार, म्हणजे कोथिंबीर. वर्षभराची भाजी यातूनच निघते, बाजारातून आणायचं ते फक्त कांदे-आलू.

पहिले चार दिवस मामीने कोंबड्यांवर शंका घेतली, त्यांना कोंडून ठेवलं, तरी रोपं जायचीच. मग मामा तालुक्याला गेला, दुकानात सांगितलं की रोपं कोणीतरी कुरतडते, त्यांनी अळीचं औषध दिलं. मामाने ते दोन खेपा फवारलं. काही फरक नाही. इथे थोडं थांबून सांगतो, कारण चूक इथेच होते. रोपं कुरतडणारी अळी असते हे खरं, पण ती रोपाचा बुडखा जमिनीलगत कापते आणि वरचा शेंडा तसाच आडवा पडलेला सापडतो, शिवाय बुडाशी माती उकरली तर गोल वळलेली अळी हमखास सापडते. मामीच्या वाफ्यात आडवा शेंडा एकही नव्हता. पानं मधूनच वेडीवाकडी खाल्लेली, कडा फाटल्यासारख्या, चवळीच्या कोंबांचे तर नुसते दांडे. अळी पानावर असली की तिची काळी लेंडी पडलेली दिसते, ती कुठेच नाही. आणि वाफ्याच्या कडेला ज्या विटा लावल्यात त्यांच्यावर चकाकती रेघ, जसा कोणी पातळ डिंक बोटाने ओढून वाळवला. ऊन तिरपं होतं म्हणून दिसली, दुपारी गेलो असतो तर दिसली नसती.

मी मामीला म्हणलं, आता काही करू नको, रात्री येतो.

रात्री साडेनऊला मोबाईलची बत्ती घेऊन आम्ही दोघं वाडीत गेलो, दुपारी एक झड येऊन गेली होती, माती ओली. पहिल्याच वाफ्यात, जो १० फूट बाय ४ फुटाचा आहे, त्यात २३ निघाल्या. मामी पहिल्यांदा दचकलीच, तिला वाटलं जळवा आहेत. जळवा नाहीत, शेंबड्या. गोगलगायीच्याच जातीच्या, फक्त पाठीवर शंख नसतो. सगळी वाडी फिरायला आम्हाला पाऊण तास लागला आणि मोजून ६१ झाल्या.

एक मी चमच्याने उचलून डब्याच्या झाकणावर ठेवली आणि मामीला नीट दाखवली. बोटाएवढी लांब, चपटी, काळपट, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ, हात लावला तर चामड्यासारखी. आधी आखडून गोळा झाली, मग मिनिटभराने पुढून दोन बारीक शिंगं बाहेर काढली, त्यांच्या टोकाला डोळे. उलटी केली तेव्हा खाली चालायचा पट्टा अगदी अरुंद, आगपेटीच्या काडीपेक्षा थोडाच रुंद. आपल्याकडे परसात सर्रास दिसते ती हीच, शास्त्रात तिला लेव्हिकॉलिस अल्टी म्हणतात, मूळ आफ्रिकेची. लोकं हिला शंखी गोगलगायीशी एक करून टाकतात. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागात सोयाबीनची उगवण जिने खाल्ली ती मोठी शंखवाली, तीही मूळ आफ्रिकेचीच पण वेगळी. मामाला तीच भीती होती, म्हणे आता आपलं सोयाबीनही जाते. मी त्याला झाकणावरची दाखवून सांगितलं की ही ती नाही, हिचा मुक्काम आपल्या न्हाणीपाशी आहे, चार एकरात नाही.

आणि फवारा का चालला नाही तेही इथेच कळतं. शेंबडी ही कीड नाहीच, शिंपल्याच्या गोतातली आहे. सहा पायांच्या किडीसाठी बनवलेलं औषध तिच्यावर नीट काम करत नाही, उलट तिला खाणारे भुंगेरे मरतात. मामाचे पैसे गेले ते गेले, वर वाडीतले पहारेकरीही गेले.

आता मुख्य गोष्ट. शेंबडीच्या अंगात बहुतेक पाणीच असतं आणि ते टिकवायला तिच्याकडे शंख नाही. ऊन लागलं की ती वाळते. म्हणजे दिवसभर तिला ओल आणि अंधार पाहिजेच पाहिजे, आणि तो वाफ्यापासून जवळ पाहिजे, कारण ती एका रात्रीत फार लांब जाऊन येऊ शकत नाही. मग प्रश्न असा नाही की शेंबडी कशाने मरते, प्रश्न असा की या ६१ शेंबड्या दिवसा राहतात कुठे. हे मी मामीला सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मंग त्या कवेलूतच असतीन."

बरोबर होती ती. मागच्या उन्हाळ्यात मामाने घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, काढून टिनं टाकली, आणि उतरवलेले चारेकशे कवेलू वाफ्याला लागूनच, न्हाणीच्या भिंतीशी रचून ठेवले, कधी गोठ्याला कामी येतील म्हणून. न्हाणीचं पाणी पाझरून त्या ढिगाच्या बुडाशी जात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खालच्या थरातला एकच कवेलू उचलला, त्याच्या पोटाला ११ चिकटलेल्या. त्याच्या बाजूच्या मातीत अंड्यांचा गुच्छ होता, साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे, पण सुटे नाही, एकाच दोऱ्यात ओवल्यासारखे आणि गुंडाळी करून ठेवलेले. मामीने हातात घ्यायला बोट पुढे केलं, मी थांबवलं, का ते पुढे सांगतो.

मामी म्हणायची आधी एवढा त्रास कधीच नव्हता, आणि ते खरं होतं, कारण आधी कवेलू घरावर होते. त्यात भर म्हणजे वाफ्यात कुटाराचं, म्हणजे मळणीच्या भुशाचं, आच्छादन रोपाच्या बुडापर्यंत दाबून टाकलेलं, आणि पावसाची उघाड पडली की मामी रोज संध्याकाळी पाईप लावून पाणी द्यायची. म्हणजे शेंबडी जेव्हा बाहेर निघते नेमक्या त्या वेळेला तिच्यासाठी सगळी वाट ओली केलेली. आच्छादन वाईट नाही, मी स्वतःच लोकांना टाकायला सांगतो, पण कोवळ्या रोपाच्या गळ्याशी नाही.

पहिल्या आठवड्यात काय काय केलं ते सांगतो, त्यातलं अर्धं उपयोगाचं निघालं. रात्री वेचणं हे सगळ्यात खात्रीचं, चिमटा किंवा जुना चमचा, आणि साबणाच्या पाण्याचा डब्बा. त्याच्या जोडीला बारदान्याचा फास. जुना बारदाना गुळाच्या पाण्यात बुडवून पिळायचा, ओलसर राहील इतकाच, आणि संध्याकाळी वाफ्यांच्या मधल्या जागेत अंथरायचा. पहाटे, ऊन येण्याच्या आत उचलायचा. उशीर झाला तर त्या निघून जातात, मामी पहिल्या दिवशी आठ वाजता गेली तर फक्त दोन होत्या, दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेली तर १४. यूट्यूबवर वाटीत बिअर ठेवायला सांगतात, आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे त्यामुळे तो विषयच नाही, पण शेंबड्यांना ओढतो तो आंबल्याचा वास, तो कणकेतही येतो. कणीक, गूळ आणि पाणी दोन दिवस झाकून आंबवलं, पसरट वाटीत ओतून वाटी मातीत गाडली, तिची कड मातीच्या बोटभर वर ठेवली म्हणजे फिरते भुंगेरे आत पडत नाहीत. चांगलं चाललं, पण पाऊस आला की वाटीत पाणी भरतं, वर काहीतरी आडोसा लागतो.

मामाने मधेच एका रात्री मिठाची पुडी आणून वाफ्यात शिंपडायला सुरुवात केली होती. शेंबडी मिठाने मरते हे खरं आहे, पण ते मीठ जातं कुठे, त्याच वाफ्यात मुरतं, आणि आमच्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा आधीच कमी, तिथे मीठ साचलं तर वांगंच बसून जाईल. मी त्याला हात जोडून थांबवलं. चुन्याचा दोन-तीन इंची पट्टा वाफ्याभोवती ओढला, तो कोरडा होता तोवर एकही ओलांडून आली नाही, तिसऱ्या दिवशी झड आली आणि पट्टा नुसता पांढरा चिखल झाला. चुलीच्या राखेचंही तेच. पावसाळ्यात या दोन्हींवर भिस्त ठेवू नका, हिवाळ्यात कोबी-सांबारच्या वाफ्याला ठीक आहे. अंड्याची टरफलंही मामीने चुरून टाकली, त्यांच्यावरून शेंबडी सरळ चालत गेली, आम्ही बत्ती धरून पाहिलं. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी, खडी असे घरगुती अडसर लावून पाहिले होते, त्यांनाही रोपांच्या नुकसानीत फरक दिसला नाही.

आता जे व्हायला नको होतं ते. दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सलग पाऊस लागला, मी रोपांच्या डिलिव्हरीत अडकलो, वेचणं बंद पडलं. मामा कंटाळून एका दुकानातून गोगलगायीचे दाणे घेऊन आला. डब्बा नाही, लेबल नाही, कागदाच्या पुडीत बांधून दिलेले. नंतर फोन करून विचारलं तेव्हा कळलं की मेटाल्डीहाईड होतं, जे २.५ टक्के दाण्यांच्या रूपात मिळतं. ते जपून, लेबल वाचून, ठरलेल्या मापात वापरायचं औषध आहे, आणि मामाने ते तांदूळ सांडल्यासारखं मुठीने वाफ्यात आणि कवेलूच्या ढिगाजवळ फेकलं. त्या दाण्यांना कोंड्यासारखा वास असतो, शेंबडीला यावं म्हणून, पण तो वास कुत्र्यालाही आवडतो. शेजाऱ्यांचं तीन-चार महिन्यांचं पिल्लू कुंपणातून आत आलं आणि खाऊन गेलं.

दुपारी शेजारच्या पोरीने आरडाओरड केली. पिल्लू आडवं पडलेलं, सगळं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ, अंग तापलेलं. मामाने ते पोत्यावर घेतलं आणि मोटरसायकलवर मी मागे बसून धरून आम्ही तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, झटके थांबवायचे, सलाईन लावायची आणि वाट पाहायची. पिल्लू दोन दिवसांनी उठलं. ती पोर त्या दोन दिवसांत जेवली नव्हती. मामा त्यांच्या घरी जाऊन बसला, काही बोलू शकला नाही, आणि त्या रात्री त्याने बत्ती घेऊन एक एक दाणा वेचला, मी पाहिलंय. मला स्वतःचाही राग आला, कारण पुडी आली त्या दिवशी मी फोन उचलला असता तर हे टळलं असतं.

म्हणून माझं ठाम मत सांगतो, ज्या वाडीत कोंबड्या फिरतात, कुत्री येतात, लहान लेकरं मातीत खेळतात, तिथे मेटाल्डीहाईड नकोच. ब्रिटनने तर २०२२ पासून त्याचा बाहेर बागेत-शेतात वापरच बंद केला. आणि आपल्या पावसाळ्यात ते तसंही अर्धवट काम करतं, कारण त्याने शेंबडीचा चिकट स्राव सुटून ती वाळून मरते, हवा ओलीचिंब असली की ती पाणी ओढून घेते आणि बरीचशी सावरते. दाणे टाकायचेच असतील तर आयर्न फॉस्फेटवाले घ्या, जनावरांना त्याचा धोका बराच कमी. लेबल नसलेली पुडी मात्र कोणीही दिली तरी घेऊ नका.

पिल्लाच्या प्रकारानंतर मामीच म्हणाली की आता ते कवेलू हलवू. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, साबणाच्या पाण्याचा डब्बा तिने एकदाही धरला नव्हता, ते काम माझं आणि मामाचं. ती म्हणायची, "जीव हाय रे तो बी, पोटासाठीच येते." सुरुवातीला ती म्हणत होती नाल्यात नेऊन सोड, पण नाल्याकाठी दुसऱ्याचा भाजीचा वाफा आहे, ते कसं करायचं. कवेलू हलवण्यात मात्र तिचं मन होतं, कारण त्यात मारायचं काही नाही, फक्त त्यांचं घर उठवायचं.

तीन दुपारी लागल्या. उन्हं पडलेली पाहून, तिघांनी हातोहात कवेलू काढले आणि अंगणाच्या पलीकडे उन्हाच्या जागी, खाली दगड देऊन, मधे हवा खेळेल असे उभे लावले. खालच्या थरात जितक्या निघाल्या त्या मोजायचं मी सोडून दिलं, दोन डबे झाले. बुडाची माती बोटभर खरवडून उन्हात पसरवली, त्यात अंड्यांचे नऊ गुच्छ दिसले, ते संध्याकाळपर्यंत वाळून बारीक झाले. न्हाणीचं पाणी आधी पसरून जायचं, त्याला पाईप लावून केळीच्या बुडाशी नेलं. कुंपणाजवळचं गवत कापलं. कुटार रोपांपासून हातभर मागे ओढलं. आणि पाणी द्यायची वेळ सकाळची केली, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. एवढ्या सगळ्यात फुकटातली आणि सगळ्यात सोपी गोष्ट ही शेवटची, आणि लोकं नेमकी हीच करत नाहीत.

आम्ही दर आठवड्याला एकाच वारी, रात्री साडेनऊलाच मोजत होतो. पहिल्यांदा ६१. आठवडाभर वेचल्यावर ४४. पावसात वेचणं बंद पडलं त्या आठवड्यात ५७, म्हणजे दाणे टाकूनसुद्धा. कवेलू हलवल्यावर पुढच्या आठवड्यात १९, मग ८, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ६. पाऊस तेव्हाही चालूच होता, त्यामुळे ऊन पडलं म्हणून कमी झाल्या असं नाही.

रोपं मी परत दिली, पण यावेळी लगेच लावू दिली नाहीत. कपात वाढवून, बाजेवर ठेवून, देठ जाड झाल्यावर सात-आठ पानांची लावली. जून झालेल्या वांग्याला शेंबडी फारसं काही करू शकत नाही, एखादं पान खाईल. मारामारी आहे ती लावणीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांची.

हाताचं राहिलं. मामीला अंड्यांना बोट लावू दिलं नाही कारण या शेंबडीच्या अंगात उंदरापासून आलेला एक बारीक जंत असू शकतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. असं रोज होत नाही, पण हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालायला काय जातं. पालक, सांबार, मेथी पान पान सुटं करून वाहत्या पाण्यात धुवायचं, पानात कधी शेंबडीचं बारीक पिल्लू दडलेलं असतं, आणि पावसाळ्यात वाडीतलं पान तोडून तसंच तोंडात टाकायची लेकरांची सवय मोडायची. मेलेल्या शेंबड्या खड्ड्यात पुरायच्या, उकिरड्यावर उघड्या टाकायच्या नाहीत.

फवारे बंद झाल्यावर ऑगस्टमध्ये एक मोठा भेडक न्हाणीच्या दगडाखाली राहायला आला, मामीने त्याला हुसकलं नाही. भारद्वाज सकाळी कुंपणावर असतो, तोही खातो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काजवे, त्यांच्या अळ्या गोगलगायी आणि शेंबड्या खाऊन वाढतात, हे मामीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

यंदा मृग लागल्यावर पहिल्या चांगल्या पावसानंतर मोजलं तर ९ निघाल्या, त्यातल्या ७ एकाच बाजूला, शेजाऱ्यांच्या हद्दीला. तिकडे कुंपणाला टेकून त्यांच्या पऱ्हाट्या अन् तुराट्यांचा ढीग आहे, वर्षभराचं इंधन, ते काही हलणार नाही आणि हलवा म्हणणं बरोबरही नाही. तर त्या बाजूचा दोन फुटाचा पट्टा मामीने मोकळा ठेवलाय, तिथे रोज संध्याकाळी गुळाचा बारदाना पडतो आणि पहाटे साडेपाचला मामा तो उचलतो. शेजारची पोर बत्ती धरायला येते, तिचं पिल्लू आता मोठं झालंय, त्याला मात्र ती दाराशी बांधूनच येते.